तपासणीआधीची वाफ

“दगडांवर पाणी मारू नकोस, बाळा. वाढ.”

मित्रांनो, इदा आपल्या लहानग्या आर्वोला हे शिकवायची, तेव्हा त्याच्या मुठीत मी असायची. मी एक जुनी तांब्याची पळी आहे. माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाच्या खाणगावातला. इदाच्या नवऱ्यानं खाणीतल्या टाकाऊ पत्र्यातून माझी वाटी ठोकून काढली आणि तिला बर्चच्या लाकडाचा लांब दांडा बसवला. मागच्या अंगणात त्यांचं साउना होतं. लाकडी खोली, चुलाणावर तापलेले दगड आणि बसायला बाक. दर शनिवारी मी दगडांवर पाणी वाढायची, वाफ उठायची आणि आठवड्याचा शीण उतरायचा. देवळात बसावं तशी ही फिनलंडहून येऊन वसलेली माणसं तिथं हळू बोलत. आर्वोची पहिली आंघोळ माझ्याच पाण्यानं झाली. इदा मला राखेनं घासून इतकी लख्ख ठेवी, की पाहुणे विचारत, ही पळी की आरसा?

आर्वो मोठा झाला, ओंडक्यांचा ट्रक चालवू लागला. हेल्मी सून होऊन आली. पुढे इदा गेली आणि शनिवारच्या वाफेनंतरची आर्वोची दारूची एक बाटली आधी रोजची झाली, मग सकाळचीही. मला ते कुणी सांगावं लागलं नाही. घोटाआधी दांड्यावरचा हात थरथरे, घोटानंतर स्थिरावे. मला घासायचं राहूनच गेलं. माझ्यावर हिरवा कळंक चढला.

ट्रक चालवणाऱ्यांची ठरलेली वैद्यकीय तपासणी असते. मागच्या खेपेला आर्वोच्या यकृताचं काही बरं निघालं नव्हतं. यंदा तसंच निघालं तर परवाना जाणार होता. तिथल्या जंगलकामगारांची एक रीत आहे. तपासणीआधी काही दिवस बाटली बंद आणि रोज साउना. दारू घामावाटे निघून जाते, अशी त्यांची पक्की समजूत. आर्वोनंही तेच केलं. एका सकाळी त्यानं बाटली मोरीत ओतली. हेल्मीनं कौतुकानं वेलचीचा पाव भाजला.

दुसऱ्या संध्याकाळी तो आणि त्याचा बालमित्र वेइको बाकावर बसले. वेइकोही ट्रकवालाच, आणि पिण्यात आर्वोच्या बरोबरीचा. वाफ उठायच्या आधीच आर्वो घामानं निथळत होता.

“निघतेय, निघतेय,” वेइको म्हणाला. “तुझ्यात इतकी मुरलीय, की आता दगडांनाच चढेल.”

आर्वो हसला नाही. “दगडांवर मुंग्या आहेत रे,” तो हळूच म्हणाला.

मुंग्या कुठून असणार? वेइको हसला आणि अजून एक वाढ म्हणाला. आर्वोनं मला बादलीत बुडवलं, पण पाणी दगडांपर्यंत गेलंच नाही, त्याच्याच पायांवर सांडलं. मग त्याचं अंग लाकडासारखं ताठ झालं, झटके येऊ लागले आणि तो खाली कोसळला. मी बाकाखाली घरंगळले. वेइकोनं त्याला ओढत बाहेर बर्फात नेलं. आर्वो दवाखान्यातून परत आला नाही.

त्याला पुरल्यानंतर काही दिवसांनी साउनाचं दार उघडलं. हेल्मी आणि वेइको आत येऊन बसले, अंगावरचे कोट तसेच. चूल थंड होती.

“वहिनी, मीच त्याला म्हणालो...”

“तू पाणी वाढ म्हणालास, मी पाव भाजला,” हेल्मी म्हणाली. मग तिनं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं. ज्याला दारूशिवाय सहज राहता येतं, त्यानं तपासणीआधी दारूपासून जरूर लांब राहावं. पण ज्याचा हात पहिल्या घोटाशिवाय थांबत नाही, त्याच्या शरीराला दारूची गरजच लागलेली असते. त्यानं आपल्या मनानं एकदम सोडली तर भास होतात, झटके येतात, जीवावरही बेतू शकतं. त्यानं आधी डॉक्टरांकडे जावं, ते औषधं देऊन सोडवतात. आणि घामानं काहीच निघत नाही. “आपण त्याला हट्टी म्हटलं, बेवडा म्हटलं,” ती म्हणाली. “आजारी कधी म्हटलं नाही.”

वेइकोनं हात कोटाच्या खिशात खुपसले. खिसे हलत होते.

“तू कधी बंद केलीस?”

“काल रात्री. सोमवारी माझी तपासणी आहे.”

“आजच डॉक्टरांकडे जा. किती पितोस ते खरं सांग.”

“परवाना जाईल, वहिनी.”

“जाऊ दे. मला अजून एक माणूस पुरायचा नाही.”

वेइकोनं खिशातून ट्रकची किल्ली काढली. मग म्हणाला, “सांगतो. शब्द दिला.”

मित्रांनो, माझ्यावर कळंक चढला तर तो सगळ्यांना दिसतो. माणसाच्या आतलं दुखणं असं दिसत नाही, ते त्यालाच बोलून दाखवावं लागतं. तुमच्या घरात कुणी ते बोललं, तर हसू नका, रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरांकडे न्या.

वेइको उठला. दवाखान्यापर्यंत तिनंच ट्रक चालवावा म्हणून त्यानं किल्ली हेल्मीच्या हातात दिली, टोपी कानांवर ओढली आणि ट्रकमध्ये तिच्या शेजारी बसायला बाहेर पडला.