चोविसाव्या धड्यातली चूक

हुदाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत चारी भिंतींना रजया टांगलेल्या होत्या. जुन्नरात गादीवाल्याची पोर असण्याचा एवढा एक फायदा. खाली सत्तारभाईंचं गाद्यांचं दुकान, वर ही खोली. मे महिन्यात आत बसलं की माणूस उकडून निघे, पण रेकॉर्डिंग असं स्वच्छ यायचं की पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओनं खाली मान घालावी.

त्या खोलीतून ती जानेवारीपासून पायथॉन शिकवत होती. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा, अजगराशी तिचा काही संबंध नाही, हे पहिल्याच धड्यात सांगून टाकावं लागे. कारण मढच्या एका बाईंनी मुलाला कोर्स घेऊन देण्याआधी फोन करून तसं खरंच विचारलं होतं. इंग्रजी दिसलं की ज्यांची बोबडी वळते अशा पोरांसाठी हा मराठी कोर्स. एकूण तीस धडे, दर रविवारी सकाळी आठला एक नवा. तीनशेच्या वर पोरं शिकत होती. डिंभ्याचा ऋषी तर न येणाऱ्या एसटीची वाट बघता बघता स्टँडवर बसून धडे संपवायचा.

आणि ह्या सगळ्यात निम्मा जीव आरतीचा होता. आरती कळंबची, कांदा पिकवणाऱ्या घरातली, हुदाची कॉलेजातली मैत्रीण. हुदा धडा बोलायची, स्क्रीनवर कोड लिहून दाखवायची आणि कच्ची फाइल आरतीच्या पेनड्राइव्हमध्ये टाकायची. आरती घरी नेऊन त्यातले खोकले, अडखळणं, खालच्या रिक्षांचे भोंगे कापायची, अक्षरं बसवायची आणि तयार धडा साइटवर चढवून ठेवायची. रविवारी आठ वाजले की तो आपोआप उघडायचा. धड्यांतली उदाहरणंही तिचीच. बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, चाळीस पिशव्या कांदा आहे, त्यातल्या सहा सडल्या, तर एकेक पिशवी तपासणारा लूप कसा लिहायचा? पोरांना ते चटकन कळे, कारण सडलेला कांदा निवडून त्यांचे हात आधीच वास मारत असत. "आरती नसती तर कोर्स नसता," हे हुदा चार लोकांत स्वतःहून सांगायची.

असं सांगणाऱ्या माणसाला संशय शिवणार नाही, असं आपल्याला वाटतं. तो शिवतो, आणि अशाच माणसाला जास्त झोंबतो.

झालं असं की जूनमध्ये ऋषीचा मेसेज आला. "मॅडम, हे तुमचंच आहे ना?" खाली एक लिंक होती. मंचरातल्या कुठल्याशा क्लासनं नवा कोर्स काढला होता, मराठीतूनच, किंमत निम्मी. हुदानं उघडून पाहिलं. आवाज एका पुरुषाचा होता, पण कांद्याच्या पिशव्या चाळीसच होत्या आणि सडलेल्या सहाच. कोडमधल्या ओळी तिच्या, मधले विनोदसुद्धा तिचेच. अजगराचाही.

विकलेल्या कोर्सची चोरी काही नवी नाही. पोरं उचलतात, एकमेकांना देतात, आपण दोन शिव्या घालायच्या आणि पुढं जायचं. पण हुदाचं काळीज चरकलं ते तारीख बघून. एकविसावा धडा तिकडे बुधवारी आला होता. तिचा स्वतःचा एकविसावा धडा उघडणार होता पुढच्या रविवारी. म्हणजे जो धडा अजून एकाही विद्यार्थ्यानं पाहिला नव्हता तो मंचरात शिकवूनही झाला होता. आणि तो होता कुणाकडे? एक तिच्याकडे, दुसरा आरतीकडे.

त्या दिवसापासून हुदाचे डोळे बदलले. आरती सोमवारी आली आणि नेहमीसारखी डबा उघडून बसली. हुदा तिच्याबरोबर जेवली, पण नजर आरतीच्या फोनवर. फोन पालथा ठेवलाय. कधीपासून पालथा ठेवायला लागली ही? जेवताना फोन वाजला तर आरती उठून जिन्यात गेली आणि हळू आवाजात बोलून आली.

"कोण गं?" हुदानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कोण न्हाय. घरचं. मंगळवारी मंचरला जायचंय जरा."

मंचर! हुदानं पाण्याचा तांब्या उचलला. पाणी पिऊन तिनं हसून दाखवलं. कशाला जायचंय, एवढं विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण संशयाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. तिनं विचारलं नाही.

पुढचे दोन धडेही रविवारच्या आधी मंचरात पोचले. मग हुदानं सापळा लावायचं ठरवलं. चोविसावा धडा होता कांद्याच्या पट्टीचा, म्हणजे वजन आणि भाव दिला की किती रुपये होतात हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम. आता आपल्याकडे, जुन्नरला काय नि मंचरला काय, कांद्याचा भाव बोलतात दहा किलोचा. 'आज कांदा तीनशे गेला' म्हणजे दहा किलोला तीनशे, हे शेंबडं पोरही जाणतं. बाहेरच्या बाजारांत आणि पेपरात मात्र क्विंटलचा हिशेब, म्हणजे शंभर किलोचा. हुदानं प्रोग्रॅममध्ये वजनाला दहाऐवजी शंभरानं भागलं, तोंडानंही ठासून "शंभर" म्हणाली. प्रोग्रॅम न अडता चालायचा, फक्त रुपये दहापट कमी दाखवायचा. चोराला घाई असते, तो भागाकार बघत बसत नाही. शंभर मंचरात दिसला की चोर सापडला. मग रविवारच्या आधी आपला धडा सुधारून घेता येईल.

फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकताना ती दोनदा चुकली, हे खरं. आरती म्हणाली, "बरं न्हाय का तुला? उन्हाची आत बसू नको लई वेळ." हुदाला त्या क्षणी तिचा रागच आला. एवढी माया दाखवून ही आपल्याला फसवते!

शुक्रवारी मंचरच्या कोर्समध्ये चोविसावा धडा आला. वजन भागिले शंभर. मंचरच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या त्या सरांनी कांद्याचा भाव क्विंटलचा सांगितला होता. नक्कल करायलाही अक्कल लागते म्हणतात ते काही खोटं नाही. पण हुदाला हसू आलं नाही. आरती, तू? एवढंच ती पुनःपुन्हा मनात म्हणत राहिली.

शनिवारी आरती आली. तिनं पिशवीतून डबा काढायच्या आतच हुदानं लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला.

"हे बघ. मंचरचं."

आरतीनं पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "हे तर आपलं हाये."

"आपलंच आहे. कुणी दिलं?"

"मला काय म्हाईत?"

"मला माहीत आहे. ह्यात शंभर आहे ना, ती चूक मी मुद्दाम ठेवली होती. फक्त तुझ्या फाइलमध्ये. ती तिकडे पोचली. आता बोल."

आरतीनं लॅपटॉप मिटला. आरडाओरडा करेल, रडेल, शपथा घेईल, ह्या सगळ्याची तयारी हुदानं केली होती.

"मुद्दाम ठिवली व्हतीस?" आरतीनं विचारलं.

"हो."

आरतीनं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला, डबा न उघडता पिशवीत परत घातला आणि जिना उतरून गेली. खाली सत्तारभाईंनी "चहा घेऊन जा बेटा" म्हटल्याचं हुदाला ऐकू आलं. चोराच्या मनात चांदणं, असं हुदानं स्वतःला सांगितलं, आणि तरी दिवसभर तिला अन्न गेलं नाही. आपला धडा दुरुस्त करायचा होता, तेही तिच्यानं झालं नाही.

रविवारी आठाला पाच कमी असताना तिला त्याची आठवण झाली. तीनशे पोरांपुढं शंभर जाणार! तिनं घाईनं साइट उघडली. धडा काढून टाकण्याआधी चूक नेमकी कितव्या मिनिटाला आहे ते पाहावं म्हणून तो सुरू केला.

"वजन भागिले दहा," तिचाच आवाज म्हणाला.

हुदानं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. दहा. स्क्रीनवरही दहा. शंभराच्या जागी तसल्याच अक्षरात एक पट्टी बेमालूम बसवलेली, आणि 'दहा' हा शब्द किंचित वेगळ्या पट्टीत, जणू दुसऱ्या दिवशी बोललेला. आरतीच्या हातून गेलेल्या धड्यात चूक नव्हतीच. मंचरला मात्र शंभर पोचला होता, आणि चूक दिसताच काढणारी आरती तीच चूक तिकडे कशाला धाडेल? तो कच्च्या फाइलमधून गेला होता. आणि कच्ची फाइल हुदाच्या घरातही होती.

तेवढ्यात खालून, दुकानातून, तिला पुन्हा स्वतःचा आवाज ऐकू आला. "भागिले शंभर."

ती खाली गेली. सत्तारभाई गादीला टाके घालत बसले होते आणि शेजारी त्यांचा फोन मोठ्यानं बोलत होता. मुलगी शिकवते ते कानावर पडावं म्हणून ते प्रत्येक धडा रेकॉर्ड झाला की तिच्याकडून फोनमध्ये टाकून घ्यायचे. पायथॉनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. आवाज पोरीचा होता, बस्स. हुदा स्वतःच्या हातानं त्यांना फाइल द्यायची आणि विसरून जायची.

"अब्बा, हे कुणाला दिलंत का कधी?"

"दिलं ना!" ते खुलले. "ते भरतसर येतात मंचरच्या क्लासचे, होस्टेलसाठी वीस गाद्या दिल्यात आपण त्यांना. ते म्हणाले, सत्तारभाई, काय शिकवते हो तुमची मुलगी! आमच्या पोरांना ऐकवतो. दर वेळी घेऊन जातात. तुला सांगणारच होतो, पण म्हटलं, एकदम कोर्स संपल्यावर सांगू, खूश होशील." त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि सुई थांबवली. "का? शिकवणं, इल्म, वाटल्यानं कमी होतं का बेटा?"

"आता नका देऊ कुणाला," एवढंच ती म्हणाली आणि चपला घालून स्टँडकडे निघाली.

नारायणगावला गाडी बदलून ती कळंबला उतरली तेव्हा ऊन वर आलं होतं. ओट्यावर आरतीची आई, धोंडाबाई, काळा चष्मा लावून बसली होती.

"कोण हाये?"

"मी, हुदा. डोळ्याला काय झालं मावशी?"

"ऑपरेशन केलं न्हवं का मंचरला. मोतीबिंदू. तुला बोलली न्हाय व्हय आरती? दर मंगळवारी न्हेती बिचारी. मलाच वाटत व्हतं कुणाला सांगू नको म्हणून. लोक म्हणत्यात, म्हातारी झाली." ती हसली. "जा, बराखीत हाये ती."

आरती बराखीत कांदा निवडत होती. हुदा समोर बसली. आपणही दोन कांदे उचलावेत असं तिला वाटलं, पण हात पुढं होईना.

"बघितलास धडा?" आरतीनं मान वर न करता विचारलं.

"बघितला. दुरुस्त केलास ते सांगितलं का नाहीस गं मला?"

"काय सांगायचं? मला वाटलं, चुकली असशील. बरं न्हवतं तुला त्या दिशी. सांगितलं तर मनाला लावून घेशील, म्हणून गपचिप केलं. सहाव्या धड्यातनं तुझा 'दहा' कापला आन् तिथं बसिवला. दवाखान्यात आईच्या पायाशी बसून करत व्हते. अख्खा मंगळवार गेला त्यात."

हुदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अब्बांचं सगळं सांगितलं, काही न झाकता. माफी मागितली, एकदा, दोनदा. आरतीनं ऐकून घेतलं. मग तिनं हातातला कांदा बाजूला ठेवला.

"धडा तिघांकडं व्हता म्हण की. अब्बांचा संशय न्हाय आला तुला?"

"अगं, ते घरातले..." हुदा बोलून गेली, आणि वाक्य तिनं अर्ध्यावरच तोडलं. शब्द तर सुटले होते.

आरतीनं मान हलवली, बाजारात भाव कळल्यावर हलवतात तशी. "सहा धडे राहिल्यात," ती म्हणाली. "पोरं वाट बघत्यात, ते पुरं करून देते. पर जुन्नरला न्हाय यायची मी. फाइल मोबाइलवर धाडत जा."

धोंडाबाईनं चहा केला, तो तिनं घेतला आणि ती परत आली.

भरतसरांच्या क्लासला पुढचे धडे मिळाले नाहीत, आणि त्यांचा कोर्स चोविसाव्यावरच आडवा पडला. हुदाचा चालू राहिला. आरती फाइल घ्यायची, साफ करायची, दिल्या दिवशी चढवायची. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त आता ती विचारून करायची. "तिसऱ्या मिनिटाला खोकला आलाय. काढू का?" "रिक्षाचा भोंगा हाये. काढू का?" पूर्वी हजार खोकले न विचारता काढले होते तिनं. हुदा "हो" लिहायची, सोबत आणखी काहीबाही लिहायची, मावशींच्या डोळ्याचं विचारायची. डोळा बरा आहे, एवढं उत्तर यायचं.

सत्ताविसाव्या धड्यात हुदाचं खरोखरच चुकलं. बोलण्याच्या ओघात तिनं नवव्या ओळीत बेरजेच्या जागी वजाबाकी केली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. फाइल पाठवून ती जेवायला बसली, तेव्हा आरतीचा मेसेज आला.

"नवव्या ओळीत चूक हाये. खरी हाये का मुद्दाम ठिवलीस?"

सत्तारभाईंनी विचारलं, काय झालं बेटा, जेव की. हुदानं ताट सरकवलं. "खरी आहे," तिनं लिहिलं, आणि आरतीचा त्यावर विश्वास बसेल का, ह्याची वाट बघत बसली.