सुनावणीला सासूबाई

सुपरवायझर बोलायला लागला तसा तिने पर्सचा पट्टा घट्ट धरला. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात भिंती दणाणून सोडणारा त्याचा आवाज इथे, कामगार कार्यालयात, लोण्यासारखा मऊ झाला होता.

"मॅडम, मी ताईंना कधी अगं-तुगंसुद्धा केलं नाही."

ताई! कालपर्यंत ती 'ए म्हशी' होती. पोट दिसायला लागल्यापासून ओल्या चादरींच्या टोपल्या तो मुद्दाम तिलाच उचलायला लावायचा. झेपत नसेल तर राजीनामा दे आणि घरी बस, असं चारचौघींत ऐकवायचा.

तक्रारीचं तिने घरी उशिराच सांगितलं. सासूबाईंची उभी हयात त्याच धुलाईखान्यात इस्त्री करण्यात गेली होती. आम्ही नाही का सोसलं, असं त्या म्हणतील याची तिला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा भाजी निवडायला घेतली. आज सकाळी मात्र चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"एकटी कशाला जातेस?"

आता त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या.

"टोपल्या यांना उचलायला लावल्यात की नाही?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"मॅडम, काम म्हटलं की..."

"हो की नाही?"

सुपरवायझरने शेजारच्या मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर चष्मा पुसण्यात गढून गेला होता.

"लावल्या," तो पुटपुटला.

"गरोदर बाईला असं काम देता येत नाही. तक्रार केली म्हणून तिला काढता येत नाही. आणि शिवीगाळ तर कुणालाच करता येत नाही."

"सुपरवायझरना आम्ही दुसऱ्या विभागात हलवतो," मॅनेजर घाईने म्हणाला. "ताईंना घड्या घालायचं, बसून करायचं काम देतो."

"द्याच. पण यांची चौकशी होणार. तोवर यांच्या हाताखाली एकही बाई नको."

दोघे मान खाली घालून बाहेर पडले. तिने सोडलेला श्वास इतका मोठा होता की तिचं तिलाच हसू आलं. पट्ट्याचा वळ हातावर उमटला होता. तो चोळत ती वळली.

"चला आई, झालं."

सासूबाई उठल्या नाहीत.

"मॅडम, एक विचारू? काम सोडून बरीच वर्षं झाली असली, तर तक्रार चालते का?"

"कधीची गोष्ट आहे?"

"हिचा नवरा माझ्या पोटात होता, तेव्हाची."

सून जागच्या जागी थांबली. एका घरात राहून, एका ओट्याशी उभं राहून हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

अधिकारीबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"आता केस नाही उभी राहणार, मावशी. मुदत कधीच गेली. पण सांगायचं असेल तर सांगा. मी ऐकते."

"सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेला बसता यावं म्हणून बाकावर जरा सरकल्या.