परक्याला सांगायची वाट

प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासता तपासता तिने फोन पाहिला आणि हातातली नळी खाली ठेवली. व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'वाट कळली. आम्ही चौघे निघालोय. मुळ्या घेऊनच येऊ.'

चॅनल तिचंच होतं. डोंगर खाणीच्या घशात जाऊ नये म्हणून ती आपल्या लोकांना त्यांच्याच बोलीत बोलतं करायची आणि खाली सगळ्यांना कळेल असं भाषांतर द्यायची. परवाच्या व्हिडिओत आत्या बोलण्याच्या ओघात झऱ्याची वाट सांगून गेली. त्या झऱ्याकाठचं औषधी मुळ्यांचं झुडूप दुसरीकडे कुठेच उगवत नव्हतं, म्हणून जागा बाहेर सांगायची नाही, असा पिढ्यांचा दंडक. आणि तिने वाटेचंही भाषांतर केलं होतं, वळणांसकट. तिने व्हिडिओ लगेच काढला, पण तोवर तो पुढे गेलेला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आत्याचं घर गाठायला निघाली. आत्या दारात शेंगा सोलत बसली होती.

"आत्या, माझ्यामुळे झरा गेला." तिने सगळं सांगितलं.

"कुठली वाट सांगितली मी?"

"वठलेल्या झाडापासून डावीकडे, मग उताराने खाली."

आत्याने एक दाणा तोंडात टाकला. "मग पोचतील खाणीच्या फाटकाशी. धूळ खातील."

"म्हणजे?"

"परक्यासमोर वाट उलटी सांगायची. उजवीला डावी, चढाला उतार. तुझ्या आजीने मला आधी हे शिकवलं, खरी वाट नंतर."

"पण समोर मी होते. मी परकी?"

"तू नाहीस गं. तुझ्या हातात ते होतं ना." आत्याने हनुवटीने फोन दाखवला. "त्याच्या पोटात किती माणसं बसलीत, मला काय ठाऊक."

ती उंबऱ्यावर टेकली. झऱ्यावर ती एकदाच गेली होती, लहानपणी, बाबांच्या खांद्यावर बसून. वाट उलटी आहे हे तिला कळणार तरी कसं?

फोन वाजला. चौघांनी चॅनलच्या पत्त्यावर फोटो पाठवला होता. पुढे फाटक, मागे अर्धा कापलेला डोंगर. 'झरा नाही सापडला. पण इथे हे काय चाललंय?'

आत्याने फोटो निरखून पाहिला. "बघ, पाहुणे बरोबर जागी पोचले."

तिला हसू फुटलं. मग ती म्हणाली, "खरी वाट मला सांगशील?"

"सांगते की. आधी त्याला आत ठेवून ये. आणि दार लोटून घे."