कापून खतात

गांडुळं दिवसाढवळ्या वर यायला लागली तेव्हा नर्सरीवाल्यांच्या बायकोला आनंदच झाला होता. गोणपाट उचलावं तर वाफ्याच्या कडेला गांडुळं, विटांवर गांडुळं, पायवाटेवर गांडुळं. तिने शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवली. "मावत नाहीत आता आत," ती म्हणाली. घरात पाहुणे मावत नाहीत हे सांगताना आवाजात जी खोटी तक्रार असते, ती तिच्या आवाजात होती.

मग एका सकाळी तिने गोणपाट उचललं आणि खाली काहीच हललं नाही.

नर्सरी आधी सासऱ्यांची, मग नवऱ्याची. पण मागच्या भिंतीलगतचे गांडूळखताचे वाफे तिने शेण, पालापाचोळा आणि हट्ट यांच्या जोरावर उभे केले होते. त्या वाफ्यांत तिने कोपरापर्यंत हात घातला. माती गार होती आणि बुळबुळीत. गांडूळ एकही नव्हतं. हात बाहेर काढताना मनगटाला काहीतरी चिकटून आलं. ते तिने झटकलं, विटेवर पडलेलं नीट पाहिलं आणि हाक मारली.

"अहो, जरा इकडे या."

आवाज शांत होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. नर्सरीवाले नेच्यांच्या कुंड्यांपाशी होते, हातात झाडं छाटायची कात्री. विटेवर काय असणार याचा अंदाज त्यांना चालता चालताच आला, आणि पाय आपोआप सावकाश पडायला लागले.

बुटाच्या नाडीसारखा लांब आणि चपटा किडा. तपकिरी, पाठीवर काळी रेघ, आणि डोकं कुदळीच्या पात्यासारखं आडवं पसरलेलं. त्यांची त्याच्याशी जुनी ओळख होती. लांबच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडून स्वस्तात नेचे आले होते, त्यांच्यासोबत हा फुकट आला. फुकट आलेल्या वस्तूची चौकशी करायची नसते, एवढा धंदा त्यांना येत होता. कुंडी उचलली आणि तळाशी तो दिसला की कात्री चालवायची आणि तुकडे मागच्या वाफ्यात भिरकवायचे. यात त्यांचं स्वतःचं डोकं काहीच नव्हतं. नर्सरीत वडिलांचे दोन नियम होते. पहिला: नको ते कापायचं, आणि कापलेलं खतात टाकायचं. दुसरा: गिऱ्हाईकाला झाडासोबत आपल्या वाफ्यातली ओंजळभर माती बांधून द्यायची, म्हणजे झाडाला नव्या घरी परकं वाटत नाही. नर्सरीवाल्यांनी पदवी घेतली होती, पण वडिलांचे नियम तपासून पाहायचे असतात हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं.

बायकोने भावाला फोन लावला. तो कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे आणि एरवी या दोघांशी जीवशास्त्र सोडून सगळ्या विषयांवर बोलत असे. तिने फोन स्पीकरवर टाकून वर्णन सांगितलं.

"दाजी आहेत का तिथे?"

"ऐकतोय," नर्सरीवाले म्हणाले.

"हात नाही ना लावला त्याला?"

"छे. कात्रीने."

"कात्रीने धरला की कात्रीने कापला?"

नर्सरीवाल्यांनी विटेकडे पाहिलं. किडा सावकाश विटेवरून उतरत होता, मागे चकचकीत ओली रेघ ठेवत.

"दाजी, तो कापून मरत नाही. तुकड्याला नवं डोकं येतं. कोणी कापायला नसलं तर शेपटीचा तुकडा स्वतःच तोडून मागे ठेवतो, त्याचा दुसरा होतो. चपटकृमी म्हणतात. गांडुळावर आडवा पडतो, चिकटतो. तोंड पोटाच्या मधोमध असतं त्याचं, त्यातून नळी काढून गांडूळ बाहेरच्या बाहेर विरघळवून पितो. गांडुळं वर येत होती का गं, तायडे? दिवसा?"

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं, वाढली."

"पळत होती ती."

यानंतर भावाने उपाय सांगितला: दिसेल तो चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात. पाणी मातीवर ओतू नका, मातीत जे काही उरलं असेल तेही मरेल. कुंडी, माती, रोप, काहीही आवाराबाहेर जाऊ देऊ नका. "आणि आधी गेल्यात त्याचं काय, ते मला विचारू नका," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"किती कापलेत?" बायकोने विचारलं.

"मोजून कोण कापतं?"

"आणि टाकलेत कुठे?"

त्यांनी वाफ्यांकडे पाहिलं. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती नळापाशी गेली, हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुवायला लागली. पाण्याच्या आवाजातच म्हणाली, "नेचे लेकीकडे पण गेलेत."

लेक नोकरी सोडून डोंगरउतारावर भाजी पिकवत होती. तिथे आधी नुसता मुरूम होता. पाटी पाटी माती वाहून, पाला कुजवून, आईच्या वाफ्यातली गांडुळं नेऊन सोडून तिने जमीन केली होती. विकत घेतली नव्हती, केली होती. कुठल्याही विषयावर बोलताना ती दोन वाक्यांत आपल्या मातीवर यायची. ती माती गेली तर तिच्याकडे उतार उरणार होता आणि मुरूम.

नर्सरीवाल्यांनी फोन लावला. वाजत राहिला. बायकोने पाणी उकळून थर्मासात भरलं, एक चिमटा फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाली, "निघा."

बसमध्ये थर्मास मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. बाहेर गॅलऱ्यांत कुंड्या होत्या. दवाखान्याच्या पायऱ्यांवर कुंड्या, शाळेच्या फाटकाशी कुंड्या, चौकातल्या गोल बागेत नेच्यांची अख्खी रांग. गावभर आपलीच झाडं दिसावीत अशी वडिलांची फार इच्छा होती. ती पुरी झालेली त्यांना आज दिसली. प्रत्येक कुंडीसोबत ओंजळभर माती त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली होती. त्यांनी पुन्हा फोन लावला. शेजारचा माणूस म्हणाला, "चहा आहे का हो त्यात?" त्यांनी थर्मास छातीशी धरला.

लेक बांधावर उभी होती, हात मातीने भरलेले.

"बाबा? न सांगता? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. फोन का उचलत नाहीस?"

"या हातांनी? काय आणलंस?"

"उकळतं पाणी."

"बाबा, इथेही पाणी उकळतं." ती हसली. "चल, आलाच आहेस तर तुला गंमत दाखवते. मोठी पावलं टाकत ये, नाहीतर चिरडतील."

ऊन चांगलं वर आलं होतं. वाफ्यांच्या मधल्या वाटेवर गांडुळं होती. काही वळवळत होती, काही उन्हात वाळून सुतळीसारखी झाली होती. जिवंत होती ती सगळी एकाच दिशेने निघाली होती, वाफ्यांपासून लांब, मुरमाकडे.

"मावत नाहीत आता आत," लेक म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा.

नर्सरीवाले वाटेतच थांबले. "कधीपासून?"

"तुझे नेचे आले ना, त्यानंतरच. माती लाभली बघ तुझी. मी ती एका जागी नाही टाकली, सगळ्या वाफ्यांत चिमूट चिमूट पसरली."

"नेच्यांच्या कुंडीखाली काही होतं? चपटं? डोकं असं..." त्यांनी हाताने दाखवलं.

"तो होय? होता की. कापला."

"कापलास."

"बारीक. तू दोनच तुकडे करतोस, आळशी आहेस. मी भेंडी चिरतात तसा चिरला." ती पुन्हा हसली आणि लहानपणी जे सूर लावून म्हणायची ते म्हणाली, "नको ते कापायचं, कापलेलं खतात."

जवळच्या वाफ्याच्या कडेला एक फळी होती. नर्सरीवाले उकिडवे बसले आणि त्यांनी ती उलटी केली. खालच्या ओल्या बाजूला बारीक धाग्यांसारखे पुष्कळ किडे चिकटलेले होते. उजेड लागताच ते हलायला लागले. प्रत्येकाला स्वतःचं, छोटंसं, कुदळीसारखं डोकं होतं.

लेक हसायची थांबली. "बाबा, काय आहे हे?"

त्यांनी थर्मास उघडला. वाफ आली नाही. बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं, तान्ह्या बाळाला अंघोळीला चालेल असं.

"पाणी उकळायला ठेव," ते म्हणाले. "सगळ्यात मोठ्या पातेल्यात. सांगतो मग."

ती घराकडे वळली. त्या वाटेवरून ती रोज कितीदा तरी ये-जा करत असणार, या वाफ्यातून त्या वाफ्यात, त्या वाफ्यातून घरात.

"थांब," ते म्हणाले. "चपला इथेच काढ."

तिने चपला काढल्या, उलट्या करून त्यांचे तळ पाहिले, आणि मग पुन्हा खाली ठेवायला तिला जागा सापडेना.