कुंकवाची मोटर

गुंडूनानांचा विश्वास बसायला वर्षं लागायची आणि उडायला घटका पुरायची. त्याला कारणही होतं. फौजेतून हवालदार म्हणून सुटून ते कवलापूरला आले, त्या पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. ती एका कारागिराकडे टाकली. त्या भल्या माणसानं आतली तांब्याची तार काढून घेतली आणि ॲल्युमिनियमची भरून दिली. दोन महिन्यांत मोटर परत जळाली, अर्ध्या एकराचा ऊस वाळला आणि नानांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून मोटर कुठंही भरायला टाकली की नाना स्टूल ओढून कारागिराच्या पुढ्यात बसायचे आणि झाकण लागेपर्यंत हलायचे नाहीत. आमच्याकडे बरेच शेतकरी असे बसतात, पण नाना चहालासुद्धा उठायचे नाहीत.

माधवनगरच्या पारसच्या दुकानात ते असेच दोन वर्षं बसले. तिसऱ्या वर्षी एकदा तार भरणं अर्ध्यावर असताना नाना उठले आणि म्हणाले, "चालू दे तुजं. मी बाजार करून येतो." पारस जैन, मितभाषी, डोकं खाली घालून काम करणारा. त्या दिवशी त्यानं घरात जाऊन बायकोला सांगितलं, "कस्तुरी, आज नाना उठून गेलं." हे कस्तुरीवैनींनीच पुढं नानांना हसत सांगितलं होतं. ते स्टूल मग कोपऱ्यात गेलं आणि त्यावर रिकाम्या डब्यांची चळत उभी राहिली.

याच दुकानात नानांना रिमोटच्या गाडीचं याड लागलं. पारसची लेक प्राची इंजिनिअरिंगला होती आणि असल्या गाड्या पळवायची. एकदा तिनं गंमत म्हणून नानांच्या हातात रिमोट दिला, तो नानांनी दिवस मावळेपर्यंत परत दिला नाही. पुढच्या महिन्यात साठीला टेकलेल्या हवालदारानं स्वतःची गाडी घेतली. सांगली, मिरज, कराड अशा तीन शर्यती झाल्या आणि तिन्हींत प्राची पहिली, नाना दुसरे. पारावरची मंडळी विचारायची, "नाना, औंदा बी दुसराच नंबर का?" नाना हसण्यावारी न्यायचे, पण मनाला लागायचं.

साताऱ्याच्या शर्यतीचा नियम नवा होता. सगळ्यांना एकाच जातीची, शिक्का मारलेली नवी मोटर मिळणार. ती उघडायची नाही. दोघांच्या मोटरी एकाच पार्सलातून पारसच्या पत्त्यावर आल्या आणि पार्सल प्राचीनं फोडलं. नानांच्या मनात पहिला खडा पडला तो तिथं. दोन्हींतली चांगली कुठली ती तिनं आधीच बघितली असेल का? विचार वाईट आहे हे त्यांना कळत होतं, पण तो काही जाईना.

मोटर घरी नेली तेव्हा नानांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, तिला कुंकवाचं बोट लावलं. घरात नवं यंत्र आलं की कुंकू लागणारच, मग ते ट्रॅक्टर असो की मुठीत मावणारी मोटर.

शर्यतीच्या आदल्या दुपारी नाना मोटर घेऊन दुकानात गेले. पारस म्हणाला, "नवी मोटर हाय नाना, एकदम पळवायची न्हाई. आतलं कार्बनचं तुकडं सपाट असत्यात आणि ते टेकत्यात फिरणाऱ्या गोल भागावर. आधी दोनच सेलवर हळू चालवून घासून घ्यायचं, मग दोन्ही एकमेकाला बसत्यात. न्हाईतर ठिणग्या उडून जळतंय." नानांना पटलं. नवी वहाण दोन दिवस घरात घालून सैल करतात, त्यातलाच प्रकार.

पारसनं नानांची मोटर आधी घेतली. तेवढ्यात नानांचा फोन वाजला. रंगूबाई म्हणाल्या, "लाइट आलीया, पंप चालू कराय या." शेतीची लाइट काही माणसाची वाट बघत नाही. नाना उठले, आणि उठताना पहिल्यांदाच त्यांना वाटलं की उठायला नको होतं.

ते परतले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. दुकान उघडं होतं, पण आत कुणी नव्हतं. पारसच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात, घर दुकानाच्या मागंच, त्यामुळं ताटं वाजल्याचा आवाज येत होता. टेबलावर दोन बशा होत्या. प्रत्येकीत एक मोटर आणि चिठ्ठी. 'नाना' लिहिलेल्या बशीतली मोटर कोरी होती, कुंकवाचा ठिपकासुद्धा नाही, तिला हात लावला तर ओलसर लागली. 'प्राची' लिहिलेल्या बशीतल्या मोटरीवर कुंकवाचं ठसठशीत बोट होतं. शेजारी स्टीलच्या पातेल्यात काळंकुट्ट पाणी होतं.

नानांचे कान तापले. शेतकऱ्याला एकच ठाऊक असतं, मोटरीत पाणी शिरलं की मोटर गेली. म्हणजे पोरीची मोटर पाण्यात पडली, आणि ती आपल्या गळ्यात मारून आपली कुंकवाची हिनं घेतली. बारा वर्षांपूर्वी ज्याच्यापुढचं स्टूल आपण उचललं त्यानंच हे करावं! नानांनी कुंकवाची मोटर खिशात टाकली, कोरी प्राचीच्या बशीत ठेवली आणि स्कूटर काढली.

घरी पोचतात न पोचतात तोवर पारसचा फोन आला. "नाना, मोटर न्हेली का?"

"न्हेली."

"तुमचीच न्हेली न्हवं? बघा एकदा."

"माजीच हाय," नाना म्हणाले. "मला वळखतीया माजी मोटर."

"बरं," पारस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

साताऱ्याच्या मैदानावर नानांची गाडी सुटली ती पुढं गेली. दोन फेऱ्या नाना पहिले होते आणि पुढं कुणीच नाही हे दृश्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिसऱ्या फेरीला मोटर करकरू लागली. मागच्या फटीतून ठिणग्या दिसल्या, मग जळका वास आला. पाचव्या फेरीत गाडी रांगत होती. प्राचीची गाडी सुर्रकन पुढं गेली आणि तिला कुणी गाठू शकलं नाही.

शर्यत संपल्यावर बरोबर आलेल्या पारसनं नानांच्या गाडीतली मोटर हातात घेतली, मोबाइलचा उजेड पाडून फटीतून आत बघितलं. "कार्बन बसलंच न्हाई. निसत्या कडा घासल्यात. ही प्राचीची हाय, नाना. हिला मी हात बी लावला न्हवता. तुमची आधी केली, तिची जेवणाआधी करायला येळच उरला न्हाई. प्राचीच म्हणाली, नानांची चांगली होऊ दे, माजं मी बघीन."

"आणि कुंकू?" नानांनी विचारलं.

"कस्तुरीनं लावलं, प्राचीच्या मोटरीला. तुमचं पाण्यात धुऊन गेलं. ह्या मोटरी पाण्यात चालवल्या की कार्बन लौकर बसतंय, काळं सुटतंय ते पाण्यात जातंय. मग पुसून, तेल सोडून वाळवायच्या. पाणी बी गाळून घेतलं होतं मी, कचरा जाऊ नये म्हणून." त्यानं मोबाइलचा उजेड बंद केला. "जेवून आल्यावर प्राचीची करायला घेतली, तर हाताला ओली लागली. तवाच कळलं मला. म्हणून फोन केला."

नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्राची बक्षीस घेऊन आली आणि काही न कळल्यासारखी वाकून त्यांच्या पाया पडली.

पाडव्यानंतर विहिरीवरची मोटर जळाली. नाना ती घेऊन पारसच्या दुकानात गेले. माफीचे शब्द त्यांनी रस्ताभर जुळवले होते. पारसनं नेहमीसारखं "या नाना" म्हटलं, मोटर उतरवून घेतली आणि पाना हातात घेतला. मग पाना खाली ठेवून तो उठला. कोपऱ्यातल्या स्टुलावरचे डबे त्यानं एकेक करून खाली काढले, फडक्यानं स्टूल पुसलं आणि आणून आपल्या पुढ्यात ठेवलं.

"बसा."

"नगं रं," नाना म्हणाले. "मी बाजार करून येतो."

"बसा नाना," पारस म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बघत बसलेलं बरं. तुमाला बी, मला बी."

नाना बसले. झाकण लागेपर्यंत पारसनं एकदाही मान वर केली नाही आणि नानांना काही त्या स्टुलावरून उठता आलं नाही.