फ्रिजच्या पाठीमागे

मी एक जुना ट्रे आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल. मी फ्रिजच्या मागे, अगदी तळाशी असतो. फ्रिज घरी आला तेव्हा त्याचे केवढे कौतुक झाले! माझ्याकडे मात्र कोणी वाकूनही पाहिले नाही. वितळलेल्या बर्फाचे पाणी झेलायचे, एवढेच माझे काम. एकदा घरातल्या धाकटीचे खोडरबर फ्रिजखाली गेले. ते शोधताना तिची बोटे मला लागली. तोवरच्या सात वर्षांत मला झालेला तो एकमेव स्पर्श.

म्हणून एका सकाळी पट्टेरी पायांची डासाची मादी आली, तेव्हा मला बरेच वाटले. पाण्याच्या जरा वर, माझ्या कडेला तिने काळी, बारीक अंडी चिकटवली. काही दिवसांत पाणी अंड्यांपर्यंत चढले आणि त्यात अळ्या वळवळू लागल्या. मला सोबत मिळाली. आठवड्याभरात त्यांचे डास झाले आणि उडून गेले.

पुढे शेजारच्या काकांना डेंग्यू झाला. मग धाकटीलाही. अंग फणफणले, डोळ्यांमागे ठणकू लागले. तिला दवाखान्यात ठेवले. घरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

दोन दिवसांनी आरोग्यसेविका आल्या.

"ताई, संध्याकाळ झाली की मी खिडक्या लावते. मच्छरदाणीशिवाय झोपत नाही आम्ही," आई रडवेली होऊन म्हणाली.

"हा डास दिवसा चावतो, वहिनी. फ्रिजमागे पाहिलंत का?"

"फ्रिजपाशी डास? गारठून मरतील की!" बाबा म्हणाले.

"सरकवा तर खरं. बघू कोण गारठलंय."

विजेरीचा उजेड माझ्यावर पडला. नव्या अळ्या वळवळत होत्या. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी उन्हातल्या कोरड्या मातीत ओतले आणि मला तसेच आत सरकवू लागले.

"थांबा! आधी घासा," ताई म्हणाल्या. "अंडी कडेला चिकटून बसतात. पाण्यावाचून महिनोन्महिने तग धरतात."

नवव्या दिवशी धाकटी घरी आली. हातावर सुईची निळी खूण होती. आता दर शनिवारी ती मला बाहेर काढते. "चला, लपून बसणारे! अंघोळ!" म्हणत ब्रशने खसाखसा घासते, कोरडे करते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी पाहत नाही असा एखादा कोपरा असेल. आठवड्यातून एकदा तिथे वाकून पाहा. एकट्याला कोणाचीही सोबत चालते. ती तुमची असू द्या.