न राबलेल्या रेडिओच्या गळ्यात हार

मी एक जुना डिजिटल रेडिओ आहे. हसू नका! सहा वर्षांचा झालोय, अंगावर धूळ आहे, एक बटण आत जाऊन बसलंय ते बाहेर यायला तयार नाही. मग जुना नाही तर काय? फक्त एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, या सहा वर्षांत मी सगळं मिळून तीन मिनिटं बोललोय. तीन! तुमच्या वर्गातला सगळ्यात गप्प मुलगासुद्धा नुसत्या हजेरीला याहून जास्त बोलत असेल.

माझा जन्म चिखलीतला. तिथे पत्र्याच्या शेडांची लांबच लांब रांग आहे, आणि त्या रांगेत जयदीपशेठचं वर्कशॉप आहे. दिवसभर प्रेस मशीन धाडधाड करतात आणि चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट बाहेर टाकतात. आता म्हणाल, अशा ठिकाणी रेडिओ कसा जन्मला? तर जयदीपशेठ एका सेमिनारला गेले. तिथे त्यांना जेवण मिळालं, एक पिशवी मिळाली आणि स्वप्न मिळालं. आता सगळी खासगी स्टेशनं डिजिटल होणार, एकाच स्टेशनच्या जागेत चार-चार चॅनेल बसणार, खरखर बंद, गाण्याचं नाव पडद्यावर दिसणार, प्रत्येक गाडीत नवा रेडिओ लागणार! शेठनी परत येऊन कोपऱ्यात एक टेबल टाकलं आणि अकरा नमुने बनवले. मी सातवा.

बाकीच्या दहांचं काय झालं विचारू नका. एक पिंपळे सौदागरच्या एका फ्लॅटमध्ये मनी प्लँटखाली आहे, एवढंच कळलंय. तो निदान कुंडी तरी उचलतो.

माझ्या शेजारच्या फळीवर एक एफएम सेट होता, अजूनही आहे. मी त्याचं नाव खरखऱ्या ठेवलं. एरियल तुटलेली, तिच्या जागी तांब्याची तार, झाकण रबराने बांधलेलं, स्पीकर फाटका. तो गिरजाबाईंचा. गिरजाबाई म्हणजे वर्कशॉपमधल्या सगळ्यात जुन्या कामगार, चाकणजवळच्या गावच्या. ब्रॅकेट मोजणं, झाडलोट, चहा आणि शेठना रागावणं ही त्यांची कामं. दिवसपाळीला त्या पहाटेच कुलूप उघडायच्या आणि आधी खरखऱ्याचं बटण फिरवायच्या. तो खरखरायचा, त्या तार इकडे-तिकडे करायच्या, मग आवाज यायचा. मी फळीवरून बघायचो आणि मनात म्हणायचो, शी! काय हे गावंढळ यंत्र!

मला मोशीच्या प्रदर्शनात नेलं तेव्हा तर माझं नाक आणखीच वर गेलं. लोक माझी बटणं दाबायचे, माझ्यासोबत फोटो काढायचे, ‘वा, फ्युचर आहे हे!’ म्हणायचे. पण विकत कुणी घेतलं का? स्टेशनवाले म्हणाले, आधी लोकांकडे सेट येऊ देत. गाडीवाले म्हणाले, आधी स्टेशनं सुरू होऊ देत. दुकानदार म्हणाले, गिऱ्हाइकाने मागू देत. गिऱ्हाइकाने खिशातून मोबाइल काढून दाखवला. सरकारने मतं मागवली. मतं आली. मग त्या मतांवर मतं मागवली आणि मुदत वाढवली. फळ्यावर गणित सोडवायला कोण येतंय असं बाईंनी विचारल्यावर वर्गातले सगळे एकदम वाकून बुटाची लेस बांधायला लागतात ना? तस्से हे सगळे! आणि यांना मोठी माणसं म्हणायचं.

या सगळ्या लेस बांधणाऱ्यांत एकच मुलगी सरळ उभी होती. झुलेखा. चिखलीतल्या गॅरेजवाल्या इम्तियाजभाईंची ही मुलगी शहरातल्या एका खासगी एफएम स्टेशनवर पहाटे साडेपाचला ‘पहिली पाळी’ नावाचा कार्यक्रम करायची. कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या लोकांसाठी. “तळवड्याच्या चौकात चाकणची एक बस बंद पडलीय, हात करून दुसरी थांबवा. सोजराबाईंची निळ्या पिशवीतली भाजी कालच्या बसमध्ये राहिलीय, ज्यांना सापडली त्यांनी खाल्ली असेल तर निदान डबा परत करा.” असं ती बोलायची. खरखऱ्याच्या फाटक्या स्पीकरमधूनसुद्धा ऐकणारे हसायचे.

तिच्या स्टेशनच्या प्रमुख मैत्री मॅडम. त्यांनी झुलेखाला सांगून ठेवलं होतं, “डिजिटल आलं की आपल्याला चार चॅनेल मिळतील. त्यातलं एक अख्खं तुझं, दिवसभर, फक्त या पट्ट्यातल्या लोकांसाठी. डिजिटलची चाचणी ठरलीय, ती चांगली झाली तर मी वरच्यांना पटवते. नाही झाली, तर जानेवारीपासून पहाटेची वेळ मुंबईहूनच येणार. सगळ्या शहरांना एकच कार्यक्रम.”

म्हणजे बघा. चाचणी जमली तर दिवसभराचं चॅनेल, नाही जमली तर आहे तो एक तासही गेला. आणि ऐकायला सेट कुठला? मी! मॅडम वर्कशॉपमध्ये येऊन मला ऐकणार होत्या. चाचणीला परवानगी होती अर्ध्या तासाची, सकाळी दहा ते साडेदहा. दिवस तीन सुचवले होते, त्यातला शेठनी निवडायचा होता.

शेठनी खंडेनवमी निवडली. मोठ्या हुशारीने! या दिवशी आपल्याकडे यंत्रांची पूजा करतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. “सगळी मशीनं बंद,” शेठ फोनवर म्हणाले, “शेडमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. आवाज कसा स्वच्छ मिळेल बघा!”

त्या दिवशी पाळी नव्हती, तरी गिरजाबाई सातला आल्या. रॉकेलच्या फडक्याने मशीनं पुसली आणि ताट घेऊन रांगेने निघाल्या. प्रेसला हार, ड्रिलला हार, ग्राइंडरला, वजनकाट्याला, पान्यांच्या पेटीला. खरखऱ्याला हार. आणि मला हार! झेंडूचा, चांगला जाडजूड. मी फुललो. म्हटलं, अखेर आपली किंमत कळली.

दहाला पाच कमी असताना मैत्री मॅडम आल्या, रुमालाने खुर्ची पुसून बसल्या. शेठनी माझ्या बटणाकडे हात नेला आणि तो हात तिथेच थांबला.

“याला हार घातलाय,” शेठ म्हणाले.

“मग? छान दिसतोय.”

“नाही मॅडम. पूजा झाली की आज चालू करता येत नाही. वडिलांपासूनचा नियम आहे.”

“अहो जयदीप, हा रेडिओ आहे!”

“मशीनच की. प्लग आहे त्याला.”

दहा वाजले. तिकडे स्टुडिओत झुलेखा बोलायला लागली असणार. आणि इकडे शेठ माझ्या हाराकडे बघत उभे! चाकणला ब्रॅकेट धाडताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवणारा माणूस, पण शेड शांत ठेवायच्या नादात मीही शेडमध्येच आहे हे विसरला. मॅडमचा तर चेहरा बघण्यासारखा होता. त्या चिडल्या नव्हत्या. त्यांना हायसं वाटलं होतं! “इट्स ओके,” त्या पर्स उचलत म्हणाल्या, “भावनेचा प्रश्न आहे. मी अहवालात तसं लिहीन.” ठरवायची वेळ टळली की या माणसांना सुटीची घंटा वाजल्यासारखं होतं.

सव्वादहा. गिरजाबाई शिऱ्याच्या वाट्या घेऊन आल्या.

“मावशी, रेडिओला कशाला हार घातला तुम्ही?” शेठ जवळजवळ रडकुंडीला आले होते.

“आन् मंग? कोपऱ्यातलं टेबलबी तुमचंच हाय न्हवं?”

“आता चालू कसा करू मी?”

“झुलेखा बोलतीय न्हवं आत्ता?”

“हो!”

“मंग बसलायसा काय असं?” गिरजाबाईंनी वाट्या दाणकन ठेवल्या. “हत्याराला आज सुट्टी का देतो आपण? वरीसभर राबतंय म्हणून. ह्यो कवा राबला? एक दिस तरी? ज्यानं काडीचं काम न्हाई केलं त्याला सुट्टी कशाची, शेठ? काडा त्यो हार. माजीच चूक झाली.”

आणि त्यांनी स्वतःच माझा हार काढला आणि खरखऱ्याच्या गळ्यात घातला. त्याला दोन, मला शून्य. मित्रांनो, मला इतका राग आला होता म्हणून सांगू!

बटण दाबलं. माझा पडदा उजळला: सिग्नल शोधत आहे. आणि मी गप्प. एक मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं. वर पत्रा, चारी बाजूंना पत्रा. इतकी वर्षं मी मिरवत होतो की माझ्यात खरखर नाही. पण खरखर निदान सांगते की इथे कुणीतरी आहे, तार हलव. मी एक तर पूर्ण बोलतो, नाहीतर मुका. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

“भायेर न्या त्याला,” गिरजाबाई म्हणाल्या. “पत्र्याखाली ह्यालाबी नीट येत न्हाई,” आणि त्यांनी खरखऱ्याकडे बोट दाखवलं.

बाहेर न्यायला एक्स्टेंशनचा बोर्ड हवा. त्या बोर्डालासुद्धा कुंकू लागलेलं होतं! शेठनी डोळे घट्ट मिटले, वडिलांची क्षमा मागितली आणि प्लग खुपसला. मला उचलून दाराबाहेरच्या ऑइलच्या पिंपावर ठेवलं.

दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी मी बोललो.

“...सत्तावीस मिनिटं झाली, मी एकटीच बडबडतेय. कुणी ऐकतंय का, अल्ला जाने. आज खंडेनवमी. मशीनं झोपलीत, चाकणचा रस्ता कधी नव्हे तो मोकळा आहे, जाऊन नुसतं बघून या. गिरजामावशी, शिरा केला असेल तर माझी वाटी बाजूला ठेवा.”

“ठिवलीय! ये लवकर!” गिरजाबाई माझ्या स्पीकरला तोंड लावून ओरडल्या. आजूबाजूच्या शेडांमधली माणसं बाहेर आली. असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, जणू झुलेखा पिंपावरच बसलीय. मी खरंच सुंदर बोललो हो. मग साडेदहा झाले आणि पडद्यावर आलं: सिग्नल नाही.

लगेच झुलेखाचा फोन. शेठनी स्पीकरवर टाकला. “शेठ, आवाज आला का? खरं सांगा.”

“आला!” सगळी गल्ली ओरडली.

“अगदी स्वच्छ,” मैत्री मॅडम म्हणाल्या. “मी अहवाल पाठवते.”

पाठवला. तीस मिनिटांपैकी तीन मिनिटं ध्वनी मिळाला, निष्कर्षासाठी आणखी चाचण्या लागतील. हार, शिरा, गल्लीभर माणसं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. वरच्यांची बैठक पुढे ढकलली गेली, मग आणखी पुढे. ‘पहिली पाळी’ मात्र जानेवारीत अगदी वेळेवर बंद झाली. बंद करायला यांना कुठलीच मुदत वाढवून लागत नाही! आता पहाटे साडेपाचला मुंबईहून एक माणूस स्वतःच्याच विनोदांवर हसतो. त्याला तळवडं कुठे आहे हेही माहीत नसेल. झुलेखा आता तळवड्याच्याच आयटी पार्कमध्ये कानाला हेडफोन लावून बसते आणि अनोळखी लोकांना सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

आणि डिजिटल? येईल म्हणतात. कधी, कुणासाठी, खासगी स्टेशनं त्यात पडतील की नाही, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं ते अजून लेस बांधतायत.

यंदाची खंडेनवमी झाली. गिरजाबाई ताट घेऊन रांगेने आल्या. प्रेस, ड्रिल, ग्राइंडर, खरखऱ्या. माझ्यासमोर क्षणभर थांबल्या. “तुजी पूजा न्हाई,” म्हणाल्या. “आदी राब.” आणि पुढे गेल्या.

तेवढ्यात झुलेखा आली, सुटी काढून, शिरा खायला. वाटी अर्धी झाली आणि गिरजाबाई म्हणाल्या, “बोल की गं तसं. लई दिस झालं.”

“माइक कुठाय मावशी?”

गिरजाबाईंनी तिच्या हातात शिरा वाढायचा डाव दिला. झुलेखा शिऱ्याचा डाव तोंडासमोर धरून उभी राहिली आणि सुरू झाली. कुठली बस उशिरा येते, कुणाच्या मुलीला नोकरी लागली, सोजराबाईंचा डबा अजून परत कसा आला नाही. तीन शेडांची माणसं दारात गोळा झाली. परवानगी नव्हती, सिग्नल नव्हता, आणि आवाज पत्र्याखालीसुद्धा शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. मी फळीवर धूळ खात ऐकत होतो. आजवर मी सगळ्यांना नावं ठेवली, शेठना, मॅडमना, खरखऱ्याला. त्या दिवशी माझी स्वतःचीच मला किळस आली. एवढी हुशारी अंगात, आणि एका डावाइतकाही उपयोग नाही!

म्हणून मित्रांनो, माझी धूळ पुसा असं मी म्हणणार नाही. पुसून परत फळीवर ठेवायचं असेल तर धूळच बरी. जमलं तर मोठ्यांना विचारा, वर्गात बाईंना विचारता तसं हात वर करून, की झुलेखाचं चॅनेल कधी सुरू करताय? आणि ते परत लेस बांधायला लागले, तर एक करा. जयदीपशेठना सांगा, माझा स्पीकर काढून खरखऱ्याला बसवा. त्याचा फाटलाय. माझा कोरा आहे, फक्त तीन मिनिटं वापरलेला. म्हणजे पुढच्या खंडेनवमीला निदान माझ्या एका तुकड्याला तरी कुंकू लागेल, आणि ते कमावलेलं असेल.